लांब गाडी, उंच स्पीडब्रेकर

मर्सिडीजने २०१७ मध्ये नवी ई-क्लास भारतात आणली, ती लांब करूनच. युरोपातल्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २,९३९ मिलिमीटर. चाकणला तयार झालेल्या त्या गाडीचा ३,०७९. वाढलेले १४० मिलिमीटर जवळजवळ सगळे मागच्या प्रवाशाच्या पायांना मिळाले, कारण आपल्याकडे एवढी महाग गाडी घेणारा बहुधा मागे बसतो. लांब गाडी मुळात चीनसाठी आखलेली. भारतासाठी तिचं स्टिअरिंग उजवीकडे आणलं.

पण चाकांमधलं अंतर वाढलं की पोट टेकायचा धोकाही वाढतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो इतका पसरट, की गाडी माथ्यावर असताना चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात. हिशेब केला तर लांब ई-क्लासच्या चाकांपेक्षा माथा जेमतेम ७ सेंटिमीटर वर येतो. पोटाखाली १५ सेंटिमीटर जागा असेल तर गाडी आरामात निघते. गल्लीत कुणीतरी परस्पर घातलेला स्पीडब्रेकर मात्र दीड मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंचही असू शकतो. तो पुढच्या-मागच्या चाकांमध्ये अख्खा मावतो आणि सगळी उंची पोटाखाली येते. त्यात मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की स्प्रिंगा आधीच दबलेल्या. आधी प्लास्टिकचं आवरण खरवडतं, मग ऑइल चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, मार बसतो. ॲल्युमिनियमचं चेंबर वाकत नाही, तडकतं. ऑइल गळून दाब गेल्यावरही गाडी तशीच पुढे दामटली तर इंजिनाची बेअरिंग जातात.

यावर उपाय म्हणजे गाडी उचलणं. मूळ गाडीखाली १५० मिलिमीटर जागा धरली, तर लांब गाडीला स्पीडब्रेकरवरून तेवढीच सुटका मिळायला १५७ लागतात. हे सात मिलिमीटर फक्त लांबीची भरपाई. आपल्या रस्त्यांसाठी त्याहून जास्त उचलावं लागतं. उंची वाढली की वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून स्प्रिंगांबरोबर शॉक ॲब्सॉर्बरही नव्याने जुळवावे लागतात आणि चाकांचे कोन पुन्हा लावावे लागतात. नंतर बाजारातून स्पेसर, म्हणजे स्प्रिंगांपाशी घालायच्या जाड चकत्या, आणून बसवले तर उंची तेवढी मिळते, बाकीचं काहीच जुळत नाही. मग टायर एका कडेने झिजतात. हा उद्योग महागड्या गाडीवर करूच नये.

स्टिअरिंग उजवीकडे आणणं म्हणजे नुसतं चाक हलवणं नव्हे. त्याचा दांडा इंजिनाच्या खोलीतून वाट काढत खाली जातो. त्या बाजूला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) किंवा एक्झॉस्ट (धुराची नळी) असेल तर उष्णतारोधक पत्रा लागतो. पेडल, ब्रेकचा बूस्टर, वायपरची झाडण्याची दिशा, सगळं बदलतं.

पेट्रोलचा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. युरोपात नेहमीचं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं (हा आकडा जितका मोठा, तितकं ते दाबाखाली आपोआप पेटण्याची शक्यता कमी); आपल्याकडे साध्या पेट्रोलची किमान मर्यादा वर्षानुवर्षं ९१ होती. कमी ऑक्टेनचं मिश्रण जास्त दाबाच्या टर्बो इंजिनात ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनावरचा नॉक सेन्सर ती कंपनं टिपतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद घटते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून भारतासाठी इंजिनाची आज्ञावली वेगळी तपासावी लागत असे. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. त्याने ऑक्टेन वाढतो, पण एक किलो इंधन पुरतं जाळायला साध्या पेट्रोलला लागणाऱ्या १४.७ किलो हवेऐवजी साधारण १३.५ किलोच लागते. तेवढ्याच हवेत इंजेक्टरला जास्त इंधन सोडावं लागतं आणि मायलेज उतरतं. नळ्या आणि रबरी सीलही इथेनॉल सोसणारे हवेत, नाहीतर ते फुगतात किंवा चिरतात.

हेडलाइटही भारतासाठी वेगळे लागतात. लो बीमची, म्हणजे खाली पडणाऱ्या झोताची, वरची कड सरळ नसते. आपल्यासारखी वाहनं डावीकडून चालतात तिथे ती डावीकडे वर चढते, म्हणजे कडेचा पादचारी दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येत नाही. फुटलेल्या दिव्याच्या जागी परदेशातला जुना दिवा स्वस्तात मिळत असेल तर कायमचा बसवण्याआधी तो तात्पुरता जोडून तपासा: अंधारात भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. कड उजवीकडे चढत असेल तर तो दिवा डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा आहे. स्क्रूने तो वर-खाली होईल, पण कडेची दिशा स्क्रूने बदलत नाही; ती काही दिव्यांतच बदलता येते, जसं काही नव्या एलईडी दिव्यांत सॉफ्टवेअरने. असा दिवा परत करा.