‘हाडाचे कलम’ : एक शब्द, दोन शस्त्रक्रिया

खानदेशात कलम म्हटले की आंबा-लिंबू आठवतात, पण हाडाच्या बाबतीत हा शब्द फसवतो. हाडातली पोकळी भरायला कमरेच्या हाडातून काढलेल्या साध्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातल्या बहुतेक पेशी मरतात आणि शेजारचे हाड त्याला हळूहळू विरघळवत नवे भरते. रक्तवाहिन्या जोडून बसवलेले हाड जिवंत राहते आणि साध्या फ्रॅक्चरसारखे दोन्ही टोकांना जुळते. केसपेपरवर दोन्हीला ‘बोन ग्राफ्ट’च म्हणतात.

रक्तवाहिनी शिवण्याचे तंत्र 1902 चे, तर त्यासाठी सूक्ष्मदर्शक 1960 च्या सुमारास आला. नडगीशेजारचे बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसह नडगीत बसवल्याची नोंद 1975 ची. जबड्यासाठी ते 1989 मध्ये वापरले गेले. तंबाखू-गुटख्याच्या कॅन्सरमुळे जबडा काढावा लागलेल्यांना मुख्यतः त्याचाच आधार आहे.

वाद आहे तो ‘6 सेंटिमीटर’चा. त्याहून मोठी पोकळी असेल तरच जिवंत हाड, असा नियम सांगितला जातो. पण लांबीइतकीच भोवतालची जागा महत्त्वाची. रेडिएशन झालेल्या किंवा पू झालेल्या जागेत 4 सेंटिमीटरचा साधा तुकडाही नवे हाड न भरता नुसताच विरघळतो, कारण त्याला रक्त द्यायला शेजारी काही उरलेलेच नसते. आकड्यावर अडून साधे कलम लावायचे आणि ते विरघळले की जिवंत हाडाचा विचार करायचा, यात रुग्णाचे एक ऑपरेशन वाया जाते.

फिब्युला 22 ते 25 सेंटिमीटर मिळतो. घोट्याकडे 6–7 सेंटिमीटर सोडावाच लागतो, नाहीतर घोटा डळमळतो. आधी सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, हवी: काहींच्या पावलाला मुख्य रक्त फिब्युलाच्याच धमनीतून जाते, ती हाडासोबत काढली तर पाऊल धोक्यात. रक्तवाहिन्यांची जोडणी 9-0 किंवा 10-0 नायलॉनने, म्हणजे केसाहून बारीक धाग्याने. बिघाड बहुधा शिरेत होतो. हाडासोबत घेतलेली कातडी निळसर पडते, सुई टोचल्यावर काळपट रक्त झपाट्याने येते. मग तासाभराचाही उशीर न करता परत थिएटरमध्ये न्यावे. पहिले 72 तास सर्वांत नाजूक.

नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी झालीच पाहिजे. हाड सुटे असताना आतले रक्त ऑक्सिजनविना थांबते, पेशी विळ्यासारख्या होतात आणि टाके निर्दोष असूनही आत रक्त साकळते. सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीने वाहक आणि रुग्ण हा फरक कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी. रुग्ण असेल तर रक्त बदलून देण्याचा निर्णय, अंग ऊबदार ठेवणे आणि पुरेसे सलाईन यांची तयारी ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच व्हावी.