सावलीतली माती ओलीच असते?

"सावलीत माती ओलीच राहते, त्यामुळे सावलीतली कुठलीही झाडं एकमेकांशेजारी चालतात," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण निम्मा खरा आहे: ऊन नसलं की मातीतलं पाणी हळू उडतं.

पण सावली कशाची, हे त्यात राहून जातं. भिंतीच्या आडोशाला ओल टिकते. मोठ्या झाडाखाली मात्र हलक्या सरींचं बरंचसं पाणी पानांवरच अडतं आणि तिथेच वाळतं. खाली पोचतं ते झाडाची मुळं ओढून घेतात. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूटभर मातीतच असतात. म्हणजे सावली गडद आणि माती कोरडी.

तपासायला खुरपं पुरे. हलका पाऊस पडून गेला की झाडाखाली आणि उघड्यावर वीतभर खणा, दोन्हीकडची माती मुठीत दाबून बघा. एकीचा गोळा होईल, दुसरी बोटांतून भुरभुरेल.

मग जोड्या जमवा. नेचे, कॅलेडियम, बिगोनिया हे ओलाव्याचे सोबती (बिगोनियाला चिखल मात्र खपत नाही). कोरड्या सावलीत स्नेक प्लांट तग धरतो. त्याला नेच्याशेजारी लावलंत, तर नेच्याला पुरेल इतक्या पाण्याने त्याची मुळं कुजतात.