सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची वार्षिक सभा

अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाची दरवर्षी जून महिन्यात दोन दिवस भरणारी सर्वसाधारण सभा. पंथाचा अध्यक्ष, संस्थांचे विश्वस्त, अंदाजपत्रक आणि श्रद्धापत्रक या सभेत ठरते. गर्भपात, समलिंगी विवाह, वंशभेद, मद्य, जुगार अशा नैतिक प्रश्नांवरचे ठरावही येथेच मंजूर होतात. पंथात सुमारे ४७,००० मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, असून २०२४ मध्ये सभासदसंख्या सुमारे १ कोटी २७ लाख होती. २००६ मध्ये ती १ कोटी ६३ लाखांवर गेली होती, तेव्हापासून उतरतीच आहे. ‘सदर्न बॅप्टिस्टांचा अमुक गोष्टीला विरोध’ अशी जी बातमी जूनमध्ये छापून येते, ती या सभेतली असते. तिचा अर्थ नीट लावायचा तर या सभेच्या हाती नेमके काय आहे, हे आधी पाहायला हवे.

बॅप्टिस्ट म्हणजे तान्ह्या मुलांना नव्हे, तर स्वतः विश्वास धरलेल्या माणसालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणारे ख्रिस्ती. त्यांच्या विचारात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. वर बिशप नाही. पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, मंडळीच निवडते आणि तीच त्याला घरी पाठवते. कन्व्हेन्शन कुठल्याही मंडळीला हुकूम सोडू शकत नाही. म्हणूनच सभेला येणाऱ्यांना प्रतिनिधी न म्हणता ‘मेसेंजर’, म्हणजे निरोप्या, म्हणतात. मेसेंजर स्वतःच्या सद्सद्विवेकाने मत देतो आणि त्याचे मत त्याच्या मंडळीवर बंधनकारक नसते. कन्व्हेन्शनशी सहकार्य करणाऱ्या प्रत्येक मंडळीला दोन मेसेंजर पाठवता येतात. दानाच्या प्रमाणात ही संख्या बारापर्यंत वाढते. दोन दिवस संपले की सभा विसर्जित होते आणि वर्षभराचा कारभार नॅशव्हिल येथील कार्यकारी समिती पाहते.

सभा दरवर्षी वेगळ्या शहरात, एखाद्या मोठ्या अधिवेशन केंद्रात भरते. सभागृहात ठिकठिकाणी क्रमांक दिलेले माइक उभे असतात आणि बोलायचे त्याने तिथे रांग लावायची. छोट्याशा गावातला पाळकही पंथाच्या अध्यक्षाला हरकतीच्या मुद्द्यावर भर सभेत अडवू शकतो. मतदान हातातले कार्ड उंचावून होते आणि निकाल अटीतटीचा दिसला की मतपत्रिका घेतात. कामकाज ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर’ या नियमावलीप्रमाणे चालते. मधूनमधून प्रार्थना, गायन आणि प्रवचन असते. परदेशी निघालेल्या मिशनरींना निरोप देण्याचा कार्यक्रम पाहणाऱ्याच्या लक्षात राहतो. जिथे मिशनकार्य धोक्याचे आहे अशा देशांत जाणारे पडद्यामागे उभे राहून बोलतात आणि हजारो लोकांना फक्त त्यांच्या सावल्या दिसतात.

पंथाच्या उगमाची एक कडी भारतात आहे, आणि मराठी वाचकाला ती जवळची वाटेल. १८१२ मध्ये अमेरिकेतून कलकत्त्याला आलेल्या मिशनरींच्या तुकडीत अडोनिराम जडसन, ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट होते. हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईला आले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. जडसन आणि राइस यांचे मात्र बाप्तिस्म्याविषयीचे मत पालटले. बंगालमधील श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनच्या सहवासात त्यांनी कलकत्त्यातच बुडवून बाप्तिस्मा घेतला. याच मिशनच्या विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीतला मराठी कोश छापला होता. राइस मायदेशी परतला आणि त्याच्या खटपटीतून १८१४ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेतील बॅप्टिस्टांचा पहिला देशव्यापी मिशनसंघ स्थापन झाला. एकतीस वर्षांनी दक्षिणेतील मंडळ्या फुटून निघाल्या, त्या याच संघातून.

फुटण्याचे कारण गुलामगिरी हे होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमायला उत्तरेकडील मिशन मंडळांनी नकार दिला, तेव्हा मे १८४५ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे दक्षिणेच्या मंडळ्यांनी वेगळी चूल मांडली. विल्यम बी. जॉन्सन हे पहिले अध्यक्ष. पंथाच्या नैतिक भूमिकांचा इतिहास लिहिताना सुरुवात इथूनच करावी लागते, कारण आपले म्हणणे पवित्र शास्त्राला धरून आहे याबद्दल त्या दिवशी ऑगस्टा येथे जमलेल्या माणसांच्या मनात जराही शंका नव्हती. त्यानंतर १५० वर्षांनी, १९९५ च्या अटलांटा सभेने गुलामगिरी व वंशभेदातील आपल्या पूर्वजांच्या आणि स्वतःच्या सहभागाबद्दल आफ्रिकन-अमेरिकन समाजाची क्षमा मागितली. २०१२ मध्ये फ्रेड लूटर हे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडून आले. २०१६ मध्ये सभेने गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी संघराज्याचा ध्वज न लावण्याचे आवाहन केले. शाळांतील वंशभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला मात्र सभेने १९५४ मध्येच, निकालानंतर काही आठवड्यांत, पाठिंबा दिला होता. तरीही पुढची अनेक वर्षे दक्षिणेतल्या कित्येक मंडळ्यांची दारे कृष्णवर्णीयांना बंद राहिली. ठरावाची मर्यादा दाखवणारे याहून बोलके उदाहरण नाही.

ठराव कोणीही सभासद आधी पाठवू शकतो. दहा जणांची ठराव समिती त्यांतून निवड करते, भाषा सुधारते आणि सभेपुढे मांडते. समितीने बाजूला ठेवलेला ठराव सभागृहात आणायला दोनतृतीयांश मते लागतात. २०१७ मध्ये फीनिक्सच्या सभेत याचा कस लागला. टेक्सासचे कृष्णवर्णीय पाळक ड्वाइट मकिसिक यांनी ‘ऑल्ट-राइट’ या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी चळवळीचा निषेध करणारा ठराव पाठवला होता. समितीने तो घेतला नाही आणि मंगळवारी सभागृहात तो आणण्याचा प्रयत्नही फसला. सभागृहाबाहेर गदारोळ उडाला, कृष्णवर्णीय पाळक दुखावले गेले आणि समिती रात्री पुन्हा बसली. बुधवारी नव्या शब्दांतला ठराव जवळजवळ एकमताने मंजूर झाला आणि सभागृह टाळ्या वाजवत उठून उभे राहिले. दोन दिवस तीच माणसे, तोच प्रश्न. मंजूर ठराव त्या सभागृहाचे त्या दिवसाचे मत असतो, असे म्हणतात ते यामुळेच.

गर्भपाताचा प्रश्न तर या सभेने पुरा उलटा फिरवला. आजच्या वाचकाला खरे वाटणार नाही, पण १९७१ च्या सेंट लुइस सभेने बलात्कार, रक्ताच्या नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक, मानसिक वा भावनिक आरोग्याला धोका या कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारा कायदा व्हावा, असे म्हटले होते, आणि तेही गर्भपाताला देशभर मुभा देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या प्रसिद्ध निकालाच्या दोन वर्षे आधी. १९७४ मध्ये ही भूमिका पुन्हा उचलून धरली गेली. १९८० मध्ये सभेने आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद ठेवून गर्भपाताला विरोध केला. २००३ मध्ये सत्तरच्या दशकातील ठरावांबद्दल खेद व्यक्त केला आणि २०२१ मध्ये कोणत्याही अपवादाविना गर्भपात बंद करण्याची मागणी केली. २०२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या गर्भधारणेत भ्रूण नष्ट होतात, या कारणावरून त्या उपचारपद्धतीविषयीही सावधगिरीचा ठराव झाला.

हा पालट घडवण्यामागे एक योजना होती आणि तिचे मर्म घटनेच्या एका कलमात होते. अध्यक्ष एक समिती नेमतो, ती समिती दुसरी समिती सुचवते आणि ती दुसरी समिती धर्मविद्यापीठांचे व मिशन मंडळांचे विश्वस्त सुचवते. म्हणजे दहाएक वर्षे ओळीने आपला अध्यक्ष निवडून आणला की सगळ्या संस्था हाती येतात. परंपरावादी गटाच्या पॉल प्रेस्लर आणि पेज पॅटरसन यांनी हे हेरले आणि १९७९ मध्ये ह्यूस्टनला त्यांच्या गटाचे एड्रियन रॉजर्स अध्यक्ष निवडून आले. त्यानंतरची प्रत्येक सभा लढाईसारखी लढली गेली. १९८५ मध्ये डॅलसला ४५,५१९ मेसेंजर जमले, तो विक्रम अजून मोडलेला नाही. परंपरावाद्यांचा विजय झाला आणि मवाळांपैकी बरेच बाहेर पडले.

पुढचे ठराव या विजयाच्या छायेतले आहेत. समलिंगी संबंधांना मान्यता देणाऱ्या मंडळ्यांना सहकार्यातून वगळण्याची तरतूद १९९० च्या दशकारंभी घटनेत आली. १९९७ मध्ये डिस्ने कंपनीवर बहिष्काराचे आवाहन झाले. ते २००५ मध्ये मागे घेतले गेले. २०२५ मध्ये डॅलसच्या सभेने समलिंगी विवाहाला मान्यता देणारा न्यायालयीन निकाल रद्द व्हावा, अशी मागणी केली. मद्य आणि जुगार यांना असलेला विरोध मात्र जुनाच आहे; २०२५ मध्ये त्यात खेळांवरील सट्ट्याची भर पडली.

स्त्रियांचे स्थान हा सभेचा सर्वांत जुना न सुटलेला प्रश्न. १८८५ मध्ये आर्कन्सॉमधून दोन स्त्रिया मेसेंजर म्हणून आल्या, तेव्हा घटनेत ‘बंधू’ हा शब्द घालून स्त्रियांना दार बंद केले गेले. ते १९१८ मध्ये उघडले. आणि या मधल्या काळात पंथाचा मिशन-खर्च उभा करण्यात मोठा वाटा कोणाचा होता? चीनमध्ये आयुष्य वेचणाऱ्या लॉटी मून यांच्या पत्रांवरून नाताळात वर्गणी गोळा करणाऱ्या स्त्रियांचा. ती वर्गणी आजही त्यांच्याच नावाने होते. १९९८ मध्ये पत्नीने पतीच्या अधीन राहावे, असे कलम श्रद्धापत्रकात आले आणि २००० मध्ये पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित झाले. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याच वर्षी पंथाशी संबंध तोडले. गावच्या मंडळीत रविवारी शिकवणे त्यांनी सोडले नाही. २०२३ मध्ये स्त्रियांना पाळकपद दिल्यावरून कॅलिफोर्नियाची सॅडलबॅक ही पंथातील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक बाहेर काढली गेली. तिचे संस्थापक रिक वॉरन यांनी सभेपुढे अपील केले, पण ९,४३७ विरुद्ध १,२१२ मतांनी ते फेटाळले गेले. अशी बंदी थेट घटनेत लिहिण्याची दुरुस्ती २०२४ आणि २०२५ मध्ये दोनतृतीयांश मतांना थोडक्यात मुकली.

भारतात या पंथाची ओळख बरीचशी गल्लतीची आहे. नागालँडचे बॅप्टिस्ट हे १८४५ च्या फुटीतील उत्तरेकडच्या शाखेच्या मिशनचे फळ आहेत, सदर्न बॅप्टिस्टांचे नव्हे. सदर्न बॅप्टिस्टांचे येथील ठळक काम म्हणजे १९७३ मध्ये सुरू झालेले बंगळूरचे बॅप्टिस्ट हॉस्पिटल. याउलट १९९९ च्या दिवाळीत त्यांच्या मिशन मंडळाने हिंदूंसाठी प्रार्थना करण्याची पुस्तिका काढली. तिच्यात हिंदू समाज अंधारात चाचपडत असल्याचे चित्र होते आणि दिव्यांच्या सणाला हे वाचून अमेरिकेतील व भारतातील हिंदू दुखावले. ज्या पंथाने रुग्णालय उभारले, त्याच पंथाची ही पुस्तिका होती. दोन्ही गोष्टी नोंदल्याखेरीज चित्र पुरे होत नाही.

लैंगिक अत्याचारांच्या प्रश्नावर सभेची खरी परीक्षा झाली. अत्याचार करणारे पाळक एका मंडळीतून निघून दुसरीत रुजू होतात, म्हणून अशांची सामाईक यादी ठेवावी, ही सूचना २००७ मध्ये सभेत आली. मंडळ्या स्वायत्त आहेत, असे कारण देऊन २००८ मध्ये ती नाकारली गेली. २०१९ मध्ये ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियोच्या दोन दैनिकांनी वीस वर्षांतील सुमारे ३८० आरोपी आणि ७०० हून अधिक पीडित यांचा शोध प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये सभागृहातल्या माइकवरून आलेल्या सूचनेमुळे स्वतंत्र चौकशी झाली. मे २०२२ च्या अहवालातून उघड झाले, की जी यादी ठेवता येत नाही असे सांगितले जात होते, तशीच यादी कार्यकारी समितीच्या कचेरीत वर्षानुवर्षे गुपचूप ठेवली जात होती. तिच्यात ७०३ नावे होती. स्त्रीला पाळक नेमणाऱ्या मंडळीला बाहेर काढताना जी स्वायत्तता आड येत नाही, ती मुलांना आणि स्त्रियांना वाचवताना आड आली, ही गोष्ट पंथातल्याच असंख्य लोकांना सहन झाली नाही. २०२२ मध्ये अनाहाइमच्या सभेने पीडितांची क्षमा मागितली आणि नवी, खुली यादी करायचे ठरवले. २०२५ मध्ये मेसेंजर डॅलसला जमले, तोपर्यंत ती यादी तयार झालेली नव्हती.