वॉकीटॉकी विकणारा इतकी वर्षं नामानिराळा कसा राहिला?

मे २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात, सीमेवर तणाव टोकाला गेलेला असताना, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या १३ ऑनलाइन मंचांना नोटिसा धाडल्या. खेळण्यांच्या, ट्रेकिंगच्या सामानाच्या शेजारी कार्टमध्ये टाकता येणारी ही वस्तू नुसती जवळ बाळगायलाही परवाना लागू शकतो, हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. कायदा मात्र जुना आहे. नव्वद वर्षांहून जुना.

१८८५ च्या तार कायद्याने तारायंत्रणेचा मक्ता सरकारकडे ठेवला होता. रेडिओ आल्यावर तो अपुरा पडू लागला, म्हणून १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा झाला. त्यामागचं तेव्हाचं दुखणं अगदी व्यवहारी होतं: लोक परवाना शुल्क न भरता रेडिओ ऐकत होते आणि सरकारी प्रसारण सेवेचा महसूल बुडत होता. त्यामुळे गुन्हा ठरला तो यंत्र ‘बाळगण्याचा’. पहिल्या खेपेला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास अडीचशेपर्यंत.

मग महायुद्ध आलं आणि प्रक्षेपकाकडे (संदेश पाठवणाऱ्या यंत्राकडे, ट्रान्समीटरकडे) बघण्याची सरकारची नजरच बदलली. हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले. तरीही ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवून दाखवला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरात पकडला जाईपर्यंत बोलत राहिला. स्वतंत्र भारताच्या सरकारने तरी ही भीती सोडावी? उलट १९४९ च्या दुरुस्तीने विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद जोडली. वॉकीटॉकी ऐकतो आणि बोलतोही, म्हणजे तो प्रक्षेपकच.

विक्रेत्यांसाठीही वेगळा परवाना होता आणि आयातीलाही परवानगी लागे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात दुकानदार समोर असे, कोणी तपासायला आलं तर कागद मागता येत. ऑनलाइन मंचांनी हा बाजार हातात घेतल्यावर ‘विक्रेता कोण’ हेच धूसर झालं. मंच म्हणणार आम्ही फक्त जागा देतो, विक्रेता म्हणणार माल बाहेरून आलाय. आणि ‘बाळगणारा’ म्हणून कायद्याच्या तावडीत सापडणार तो घेणारा.

दरम्यान सरकारने थोडी मोकळीकही दिली होती. २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झजवळचा सिटिझन बँड कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. पण त्यासाठी लागणारा लांबलचक अँटेना ट्रेकला नेणार कोण? खरी उपयोगाची सूट २०१८ च्या नियमांनी दिली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात, ठरवून दिलेल्या मर्यादेतल्या कमी शक्तीच्या हातातल्या संचांना परवान्याची गरज उरली नाही. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झचा पट्टा नव्वदच्या दशकाअखेरीपासून याच कामासाठी आहे.

घोळ झाला तो यंत्रामुळे. पूर्वीचा संच एका ठरावीक कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) बांधलेला असे. २०१२ च्या सुमारास चीनच्या बाओफेंग यूव्ही-५आर सारखे संच आले. यांना आकड्यांचा कळफलक असतो. हवी ती कंप्रता टाइप करा, बोलायचं बटण दाबा, झालं. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि ४०० पासून थेट ५२० पर्यंत. या पसाऱ्यात जहाजांचे चॅनल येतात, रेल्वेच्या चालक-गार्डांचं बोलणं येतं, परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचे पट्टेही येतात. म्हणजे तोच संच ४४६ वर लावला तरी तो परवानामुक्त होत नाही, कारण त्याची शक्ती जास्त असते आणि तो कुठेही बोलू शकतो. अमेरिकेच्या संचार आयोगालाही २०१८ मध्ये अशा संचांच्या आयातदारांना आणि विक्रेत्यांना जाहीर ताकीद द्यावी लागली होती.

आपल्याकडच्या लिस्टिंगवर मात्र कंप्रतेचा उल्लेखच नसायचा. त्याऐवजी ठळक अक्षरांत ‘रेंज ३० किमी’, ‘१००% कायदेशीर’, ‘लायसन्स फ्री’. तीस किलोमीटरची गोष्ट तर सोडूनच द्या. अर्ध्या वॉटचा संच डोंगरमाथ्यावरून समोरच्या माथ्यावर बराच लांब पोचतो, पण शहरात चार इमारती आड आल्या की दम टाकतो. दूरसंचार विभागाची उपकरण प्रकार मान्यता, म्हणजे ईटीए, आहे की नाही हेही गुलदस्त्यात. शिवाय ईटीए असलं तरी तो बाळगण्याचा परवाना नव्हे. ती फक्त त्या मॉडेलची तांत्रिक कबुली.

इथेच ग्राहक कायदा कामाला आला. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभारली, ती वजनमाप, भेसळ, दरवाढ यांच्याशी झगडत. १९८६ च्या कायद्याने ग्राहक तक्रार निवारण मंच दिले, पण आधी कोणीतरी तक्रार करायला हवी. वॉकीटॉकीच्या बाबतीत ते अशक्यच, कारण वस्तू चालते, आवाज स्वच्छ येतो, तक्रार कशाची करणार? २०१९ च्या कायद्याने स्थापलेलं प्राधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. प्रश्नच फिरला: ‘तू बाळगलास का?’ याऐवजी ‘तुम्ही न सांगता विकलात का?’

नोटिसांपाठोपाठ त्याच महिन्यात दूरसंचार विभाग आणि गृह मंत्रालयाशी सल्लामसलत करून मार्गदर्शक तत्त्वं आली. लिस्टिंगवर कंप्रता आणि ईटीएचा तपशील द्यायचा, मान्यता नसलेला माल उतरवायचा, खोटे दावे करायचे नाहीत. तपासणीत अशा सोळा हजारांहून अधिक लिस्टिंग निघाल्या होत्या. पुढे काही मंचांना दंडही झाला.

हे सगळं विक्रीपुरतं झालं. मिरवणुकीसाठी, लग्नाच्या व्यवस्थेसाठी किंवा सोसायटीच्या गेटसाठी ज्यांनी आधीच संच घेऊन ठेवले, त्यांना फसवणुकीबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येईल, कदाचित पैसेही परत मिळतील. पण ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर बाळगण्याच्या गुन्ह्यात चालत नाही. तेव्हा संचाच्या मागचा मॉडेल क्रमांक, त्याचं ईटीए आणि तो ४४६ च्या पट्ट्याबाहेर बोलू शकतो का, एवढं ज्याचं त्याने आजच तपासावं.