चंद्रकोरींचा शिक्का म्हणजे जिनोव्हाचं पातं?

जुन्या फिरंगेच्या, म्हणजे युरोपी धाटणीच्या तलवारीच्या, पात्यावर समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी दिसल्या की ‘पातं अस्सल जिनोव्हाचं’ असं ठोकून सांगतात. हा शिक्का उत्तर इटलीतला खरा, पण त्याची नक्कल जर्मनी, कॉकेशस आणि हिंदुस्थानातही सर्रास झाली. तो खपायचा ना! शिक्क्यापेक्षा पन्हळी, म्हणजे पात्यावरच्या लांबट खाचा, बघा. भिंगाखाली त्या वाकड्यातिकड्या, कमीजास्त खोल दिसल्या तर नकलेचा संशय घ्या. पोलादात जौहर, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, दिसत असेल तर पातं बहुधा युरोपातलं नाही, म्हणून समजा. मुठीवर तर अजिबात विसंबू नका. ती राळेनं बसवलेली असते. तापवली की सुटते, त्यामुळे एकाच पात्याला दोन-तीन मुठी लागून गेलेल्या असू शकतात. आणि जौहर शोधायला घरी आम्ल लावू नका.