सरफेस आणि थिकनेस : माळवदाच्या सागवानी फळीवर आधी कोणता रंधा

जुना वाडा उतरवला जातो तेव्हा दगड कुणीतरी नेतो, माती तिथेच राहते आणि लाकडाचा सौदा मात्र घनफुटावर होतो. मराठवाड्यातल्या माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छपरात, खांब, तुळया, त्यांवर आडव्या फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी रचना असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंतींनी आणि याच मातीच्या ओझ्याने हजारो माणसांचा जीव घेतला, आणि त्यानंतर अनेकांनी माळवद उतरवून वर पत्रे घातले. त्या काळचे सागवान आजही कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या शेडमध्ये थप्पी लावून पडलेले असते. त्याचे टेबल किंवा दार करावे असे घरातल्या एखाद्याच्या मनात येते, फळ्या टेम्पोत घालून मशीनवर नेल्या जातात आणि तिथे सांगितले जाते, “रंधा मारून द्या.” गोंधळाची सुरुवात या वाक्यापासूनच होते, कारण मशीनचा रंधा सरफेस आणि थिकनेस असा दोन प्रकारचा असतो आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

हा गोंधळ होण्याला मशीनची घडणही कारणीभूत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत ‘सरफेस कम थिकनेस’ असे जोडमशीन असते. त्यात पाती बसवलेला गोल कटरब्लॉक एकच असतो. फळी त्याच्या वरून गेली तर ते सरफेसचे काम, आणि खालून, उलट बाजूने आत घातली तर थिकनेसचे. मोटार तीच, आवाज तोच, भुसाही तसाच उडतो, त्यामुळे बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोन्ही एकच वाटले तर नवल नाही.

सरफेसला दोन मेजे असतात. पलीकडचे मेज पात्यांच्या टोकाच्या बरोबर पातळीत असते आणि अलीकडचे जेवढे लाकूड काढायचे तेवढे, म्हणजे साधारण १ ते २ मिलिमीटर, खाली असते. फळी हाताने पुढे सरकते तसा तिचा कापला गेलेला भाग पलीकडच्या मेजावर टेकत जातो, आणि पुढची सगळी कापणी त्या नव्या सपाट भागाच्या आधाराने होते. मेजाचा सरळपणा फळीत उतरतो तो असा. फळीला पन्हळ पडली असेल तर खोलगट बाजू खाली ठेवावी, म्हणजे ती दोन कडांवर टेकून स्थिर राहते. फुगीर बाजू खाली ठेवली तर ती पाळण्यासारखी डुलते आणि मशीन त्या डुलण्याचीच नक्कल लाकडावर उतरवते. एक तोंड, म्हणजे फळीची एक रुंद बाजू, सपाट झाले की ते बाजूच्या उभ्या गाइडला टेकवून कड मारायची, आणि गुण्या लावून काटकोन पाहायचा.

थिकनेसमध्ये पाती वर असतात आणि फळी खालच्या मेजावरून रोलरने ओढली जाते. हे मशीन फक्त मेज आणि पाती यांच्यातले अंतर सांभाळते. वरचे तोंड खालच्या तोंडाला समांतर करणे एवढेच त्याला येते. खालचे तोंड सरळ आहे की नाही, याची त्याला काहीही पर्वा नसते. वाकलेली पातळ फळी रोलरच्या दाबाखाली तात्पुरती सपाट होते, पाती तिच्यावरून फिरतात आणि बाहेर पडताच ती पुन्हा आपल्या मूळ वळणावर येते. अंबाजोगाईकडच्या एका वाड्याच्या सहा फळ्या मी एकदा अशाच थेट थिकनेसमधून काढून घेतल्या होत्या. सगळ्या एकसारख्या जाडीच्या, गुळगुळीत आणि देखण्या होऊन आल्या; टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या तेव्हा मात्र चार फळ्यांचा एकेक कोपरा वर उचललेला होता. पीळ जिथल्या तिथे होता, फक्त पातळ झाला होता, आणि त्या चुकीत प्रत्येक फळीचे दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड मी गमावून बसलो होतो.

उलट चूकही होते, पण क्वचित. दोन्ही तोंडे सरफेसवरच मारली तर प्रत्येक तोंड आपापल्या जागी सपाट होते, मात्र दोन्ही एकमेकांना समांतर असतीलच असे नाही, आणि फळी पाचरीसारखी एका बाजूला पातळ होऊ शकते. म्हणून पहिले तोंड आणि कड सरफेसवर, दुसरे तोंड थिकनेसमध्ये, हाच क्रम.

मशीनवर जाण्याआधी फळीची लांबी ठरवावी, हे मी आग्रहाने सांगेन, कारण जुन्या लाकडात खरी बचत तिथे होते. आठ फुटांची, दीड इंच म्हणजे १२ सूत जाडीची फळी मधोमध एक इंच वाकलेली असेल, तर ती अखंड सरळ करताना हातात जेमतेम ४ सूत जाडी उरते. तीच फळी आधी मधून कापली तर प्रत्येक तुकड्यातला बाक पावपट होतो, म्हणजे २ सूत, आणि १० सुतांपर्यंत जाडी टिकते. टेबलाला चारच फुटांच्या फळ्या हव्या असतील तर आठ फुटांवर रंधा मारण्यात काहीच शहाणपण नाही. पीळ पाहण्यासाठी फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून डोळा खाली आणून बघावे. पट्ट्यांच्या कडा एका रेषेत दिसल्या नाहीत तर पीळ आहे.

पाती लागण्याआधी खिळे काढणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते मशीनवाल्यावर सोडू नये. सागवानात लोखंड राहिले की भोवती काळा डाग पडतो, त्यामुळे डोके तुटलेल्या खिळ्याचा पत्ताही बऱ्याचदा लागतो. तरीही जोरकस चुंबक फळीभर फिरवावा. एक खिळा पात्याला लागला तर तिथे खाच पडते आणि त्यानंतरच्या प्रत्येक फळीवर उंच रेघ उमटत जाते. जुने मिस्त्री अशा वेळी एक पाते किंचित बाजूला सरकवतात, म्हणजे खाच दुसऱ्या पात्याच्या धारेत झाकली जाते. माळवदाच्या फळीची वरची बाजू आयुष्यभर मातीखाली असते, त्यामुळे तिच्या भेगांत बसलेली रेती तारेच्या ब्रशने कोरून काढावी लागते. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. त्यात रेतीची भर कशाला? जुना रंग असेल तर तोही आधी काढावा, आणि भुसा नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. सरफेसवर हातमोजे मात्र घालू नयेत. लाकूड पुढे ढकलण्यासाठी ठोकळा वापरावा.

फळी सरफेसच्या मेजापेक्षा रुंद निघाली तर एक तोड आहे. सरळ, जाड प्लायवूडवर फळी ठेवावी, उचललेल्या कोपऱ्यांखाली पातळ पाचरी सरकवून त्या चिकटवाव्यात, आणि प्लायसकट सगळे थिकनेसमध्ये घालावे. आता खालचा आधार प्लायचा असतो, फळी दबत नाही, आणि थिकनेसच सरफेसचे काम करते. वरचे तोंड सपाट झाले की प्लाय काढून फळी उलटायची. टोकांना दोन-तीन इंच खोलगट खाच पडते, म्हणून लांबी तेवढी जास्त ठेवावी.

शेवटच्या फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नये, आणि मशीनवरून आलेल्या फळ्या फरशीवर सपाट टाकून ठेवू नयेत. मध्ये पट्ट्या देऊन रचाव्यात, म्हणजे दोन्ही तोंडांना सारखा वारा लागतो. मी पहिल्या वेळी त्या सहा फळ्या ओट्यावर एका रात्रीपुरत्या टाकल्या होत्या, आणि त्यातल्या सरळ राहिलेल्या दोघींपैकी एक सकाळी पन्हळली होती.