३७७ गेलं म्हणजे लग्न कायदेशीर झालं?

निवडणूक महापालिकेची असो वा लोकसभेची, सोलापुरात एक मेसेज फिरतोच: '३७७ गेलं, आता समलिंगी लग्न कायदेशीर आहे, अमक्यांना मत दिलंत तर घरोघरी हेच.' यातलं पहिलं वाक्यच चूक.

३७७ म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं कलम. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, एवढंच. लग्नाचा प्रश्न त्याच न्यायालयात १७ ऑक्टोबर २०२३ ला सुटला, तोही नकारार्थी. पाचही न्यायमूर्ती म्हणाले, लग्न हा मूलभूत हक्क नाही. नागरी जोडीदारीवर, म्हणजे लग्नाविना जोडप्याला कायदेशीर मान्यता देण्यावर, मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली; बहुमत नकाराचं. विषय कायदेमंडळावर सोपवला गेला, आणि तिथूनच तो राजकारणात शिरला. न्यायालयाने टाळलेलं पक्षांच्या दारात येतंच.

आजही सोलापूरच्या विवाह अधिकाऱ्याकडे दोन पुरुषांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली, तर ३० दिवसांची मुदत पुढची गोष्ट, अर्ज आधीच अडेल. कलम ४ मध्ये वयाची अटच पुरुषाला २१, स्त्रीला १८ अशी आहे. मात्र पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तीचं भिन्नलिंगी लग्न आताच्या कायद्यातही बसतं, हे २०२३ च्याच निकालात आहे. मेसेजवाले ते सोयीस्कर गाळतात.

विवाह समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत येतो, म्हणून बदल संसदेतून किंवा विधानसभेतून. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राज्याला राष्ट्रपतींची संमती लागते. नगरसेवकाच्या हातात यातलं काहीच नाही. प्रभागातल्या उमेदवाराला पाण्याबद्दल विचारा.